नोकरीतले समाधान साहेबाच्या स्वभावावर किती आणि त्याच्या अधिकारावर किती?

आडवाटेचा (धागाकर्ता)

माणसे कंपनी सोडत नाहीत, साहेबाला सोडतात, हे वाक्य मनुष्यबळ विभागाच्या प्रशिक्षणवर्गांत हमखास ऐकवले जाते. त्याच्या पाठोपाठ गॅलप संस्थेच्या २०१५ च्या अहवालातला आकडा येतो, की एका विभागातली माणसे कामात जीव ओततात आणि दुसऱ्या विभागातली पाट्या टाकतात, यातला किमान ७० टक्के फरक त्या त्या विभागाच्या व्यवस्थापकामुळे पडतो. त्याच अहवालानुसार अमेरिकेतल्या दर दोन नोकरदारांपैकी एकाने कधी ना कधी केवळ वरिष्ठाच्या जाचातून सुटण्यासाठी नोकरी सोडली होती. या आकड्यांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यापुढे होणाऱ्या चर्चेबद्दल, कारण ती हटकून साहेबाच्या स्वभावावर येऊन थांबते. त्याने हसतमुख असावे, वाढदिवसाला केक आणावा, ‘माझ्या केबिनचे दार कधीही वाजवा’ असे सांगावे, म्हणजे हाताखालचे लोक सुखी होतील, अशी एक समजूत त्यातून तयार होते.

माझे म्हणणे असे, की स्वभाव ही यातली दुय्यम बाब आहे. आपल्या कामाचे किती निर्णय वरिष्ठ आपल्याकडे राहू देतो, आणि आपल्याविषयी तो जे लिहितो ते आपल्याला कितपत पाहायला मिळते, या दोन गोष्टींवर समाधानाचा मोठा भाग अवलंबून असतो.

याला सर्वांत भक्कम आधार लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतून मिळतो, आणि आपली सचिवालयीन श्रेणीरचना त्याच साच्यातली असल्यामुळे तो आपल्याला परकाही वाटू नये. तिथे १९६७ मध्ये सुरू झालेल्या व्हाइटहॉल पाहणीत पुरुष सरकारी नोकरांच्या प्रकृतीचा अनेक वर्षे मागोवा घेतला गेला. जबाबदारीचा ताण मोठ्या साहेबांना असतो आणि हृदयविकारही त्यांनाच गाठतो, असा तोवरचा समज होता. प्रत्यक्षात सर्वांत खालच्या श्रेणीतल्या शिपाई आणि द्वारपालांचा मृत्युदर सर्वांत वरच्या प्रशासकांच्या सुमारे तिप्पट निघाला, आणि धूम्रपान, रक्तदाब वगैरे सर्व हिशेबात धरूनही ही तफावत पुरती मिटेना. पुढे १९८५ मध्ये मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली १०,३०८ स्त्रीपुरुष कर्मचाऱ्यांची दुसरी पाहणी सुरू झाली. आपले काम कसे, केव्हा आणि कोणत्या क्रमाने करायचे हे ठरवण्याची मुभा ज्यांना कमी होती, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त होता, असे तिच्यात आढळले. ही मुभा धोरणात कितीही लिहिलेली असो, ती रोजच्या रोज देणारा किंवा काढून घेणारा माणूस म्हणजे लगतचा वरिष्ठ.

स्वीडनमधला २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यासही याच अंगाने पाहण्यासारखा आहे. तीन हजारांहून अधिक पुरुष कर्मचाऱ्यांनी आपल्या वरिष्ठाला गुण दिले आणि ज्यांनी चांगले गुण दिले त्यांच्यात पुढील वर्षांत हृदयविकार कमी आढळला. पण त्यांना विचारले काय होते? लागणारी माहिती वरिष्ठ देतो का, आपल्याकडून काय अपेक्षित आहे हे स्पष्ट आहे का, जबाबदारीच्या मानाने अधिकार पुरेसे आहेत का, कामाचे वेळापत्रक ठरवताना आपल्याला सामील करून घेतले जाते का, अशा धर्तीचे बहुतेक प्रश्न होते. आपुलकीची विचारणाही त्यात होती, पण या यादीतला एक भाग म्हणून. सभासदांचे अनुभव काय सांगतात?

शिफ्ट_बी

मी चाकणला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. जपानी पद्धत आल्यापासून आमच्याकडे लाइनच्या डोक्यावर अँडनची दोरी आहे. टोयोटाच्या मूळ पद्धतीत कोणत्याही कामगाराला दोष दिसला की तो दोरी ओढून मदत मागू शकतो आणि दोष आटोक्यात येईना तर लाइन थांबते. म्हणजे धागाकर्ते म्हणतात तो निर्णय अक्षरशः कामगाराच्या हाताशी टांगलेला असतो.

आता आमचे दोन लाइन इनचार्ज पाहा. पहिल्या पाळीचे इनचार्ज तोंडाने फटकळ आहेत आणि त्यांचा आवाज प्रेसच्या आवाजावर मात करतो. दुसऱ्या पाळीचे अत्यंत मृदुभाषी आहेत, सगळ्यांना ‘दादा’ म्हणतात आणि दिवाळीला घरी फराळाला बोलावतात. दोरी ओढली गेली की पहिले इनचार्ज धावत येऊन ‘काय दिसलं, दाखव’ असे विचारतात. दुसरे इनचार्ज शांतपणे येतात, ‘कोणी ओढली?’ असे विचारतात आणि खिशातल्या डायरीत नाव व वेळ टिपून ठेवतात. ती डायरी पुढे कुठे वापरली जाते हे कोणालाही ठाऊक नाही. परिणाम असा, की दुसऱ्या पाळीत दोरी जवळपास ओढलीच जात नाही आणि सदोष माल पुढच्या स्टेशनवर, कधी थेट ग्राहकाच्या गेटवर सापडतो. पाळी बदलून मागणाऱ्यांचे अर्ज कोणत्या दिशेने जातात हे सांगायला नको. आरडाओरडा सहन करून माणसे पहिली पाळी मागतात.

या चर्चेत कंत्राटी कामगार मात्र येतच नाही. त्याला काम सांगतो कंपनीचा इनचार्ज, पगार देतो ठेकेदार आणि रजा मंजूर करतो ठेकेदाराचा सुपरवायझर, जो प्रत्यक्ष काम कधी पाहतच नाही. एखाद्या पोराने वर्षभर उत्तम काम केले, तरी त्याबद्दल दोन ओळी लिहिणे हे यांपैकी कोणाचेच काम नसते. साहेबाशी नाते चांगले की वाईट, हा प्रश्न पडायला आधी साहेब तरी ठरलेला असावा लागतो.

निळावंती

डायरीचे उदाहरण नेमके आहे. तरीही मूळ लेखातल्या मांडणीवर माझे दोन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप पुराव्याबद्दल आहे. या विषयातल्या अभ्यासांचा इतिहास फार सावधपणे वाचावा लागतो. शिकागोजवळच्या सिसरो येथील वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात जे प्रयोग झाले, त्यांतूनच ‘कामगाराकडे आपुलकीने लक्ष दिले की तो खुलतो आणि उत्पादन वाढते’ हा विचार जगभर पसरला. टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या पाच मुलींना १९२७ मध्ये वेगळ्या खोलीत बसवण्यात आले, विश्रांतीच्या वेळा आणि कामाचे तास बदलून पाहिले गेले, देखरेख सौम्य करण्यात आली आणि उत्पादन वाढत गेले. पुष्कळ पाठ्यपुस्तके इथेच थांबतात. वाढीव उत्पादनाचा मोबदला त्या मुलींना त्यांच्या छोट्या गटाच्या हिशेबाने मिळू लागला होता, त्यामुळे जास्त काम म्हणजे सरळ जास्त पैसे होते, हे मागे राहते. फार बोलतात आणि सहकार्य करत नाहीत म्हणून पाचपैकी दोघींना १९२८ मध्ये त्या खोलीतून काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघींना आणले गेले, हे तर बहुतेकांना माहीतही नसते. आपुलकीच्या या आद्य प्रयोगात नकोशा माणसाला बाहेर काढण्याचा अधिकार साहेबाकडेच होता. हा मुद्दा एका परीने धागाकर्त्यांच्या बाजूने जातो, हे मला मान्य आहे; पण व्हाइटहॉलबद्दलही हीच सावधगिरी हवी. ज्याला कामात मुभा कमी असते त्याचा पगार कमी असतो, घर लहान असते आणि पुष्कळदा शिक्षणही कमी असते. संशोधकांनी हे घटक वेगळे काढण्याचा प्रयत्न केला असला, तरी प्रत्यक्ष आयुष्यात ते एकमेकांत गुंतलेलेच असतात.

दुसरा आक्षेप अधिक साधा आहे. चारचौघांत केलेला अपमान कोणत्या रकान्यात टाकायचा? ‘तुला एवढंही कळत नाही?’ हे वाक्य मीटिंगमध्ये सर्वांसमोर ऐकलेल्या माणसाला कामाची मुभा भरपूर असेल, मूल्यमापनही उघड असेल, तरीही रविवारी संध्याकाळपासून त्याच्या पोटात गोळा येतो. हा स्वभावाचाच भाग आहे आणि तो दुय्यम मुळीच नाही.

कलमबहाद्दर

निळावंती यांच्या दुसऱ्या आक्षेपाशी मी सहमत आहे, परंतु लिहिणार आहे मूल्यमापनाबद्दल, कारण राज्य शासनाच्या सेवेत माझी हयात गोपनीय अहवालांच्या सावटाखाली गेली.

ज्यांनी ही पद्धत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षाचा अहवाल लगतचा वरिष्ठ लिहितो. त्याला प्रतिवेदन अधिकारी म्हणतात, आणि त्याच्यावरचा पुनर्विलोकन अधिकारी त्यावर आपले मत नोंदवून प्रतवारी कायम करतो किंवा बदलतो. पदोन्नतीच्या वेळी मागील काही वर्षांचे अहवाल समोर ठेवले जातात. पूर्वी फक्त प्रतिकूल शेरे कर्मचाऱ्याला कळवले जात असत. त्यामुळे खरा घात प्रतिकूल शेऱ्याने होत नसे, कारण त्यावर निदान अभिवेदन (आपले लेखी म्हणणे) करता येई. घात होत असे तो ‘चांगला’ या शेऱ्याने. पदोन्नतीला त्याहून वरची प्रत लागत असली की ‘चांगला’ लिहिलेला माणूस बाद होई, आणि शेरा प्रतिकूल नसल्यामुळे तो त्याला कळवायचे कारणही पडत नसे. ज्येष्ठता यादीत खालचा माणूस वर गेला की मग आपल्या फायलीत काहीतरी आहे एवढेच समजायचे.

देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात नेमके हेच झाले होते. देव दत्त हे सीमा रस्ते संघटनेत कार्यकारी अभियंता होते. अधीक्षक अभियंता होण्यासाठी आधीच्या पाच वर्षांत ‘अति चांगला’ प्रत आवश्यक होती आणि १९९३-९४ या एकाच वर्षाला ‘चांगला’ पडले होते. सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २००८ रोजी निकाल दिला, की शेरा चांगला असो वा वाईट, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे आणि तिच्याविरुद्ध अभिवेदन करण्याची संधी दिली पाहिजे. निकाल लागेपर्यंत ते निवृत्त झालेले होते. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१३ मध्ये हीच भूमिका कायम ठेवली.

या निकालापूर्वीच्या कचेरीतले वातावरण तरुण सभासदांना सांगून पटणार नाही. फेब्रुवारी उजाडला की हजेरीपटावरच्या लाल शाईच्या खुणा कमी होत, साहेबांच्या टेबलावरच्या फायली न सांगता हलू लागत आणि गॅसचा सिलिंडर कोणाच्या स्कूटरवरून साहेबांच्या बंगल्यावर जातो याची चर्चा चहाच्या टपरीवर रंगे. आमचे एक साहेब अतिशय प्रेमळ होते, कोणाच्या घरी आजारपण असले की स्वतः विचारपूस करत, परंतु ते काय लिहितात हे दिसत नसल्यामुळे त्यांच्या प्रेमळपणावर विश्वास ठेवायला कोणी धजत नसे.

अहवाल उघड झाल्यावर भीती कमी झाली. सोबत एक निराळाच प्रकार सुरू झाला. ज्याच्याबरोबर रोज बसायचे आहे त्याच्याशी वैर कशाला, म्हणून पुष्कळ अधिकारी सरसकट वरची प्रत देऊ लागले, आणि खरोखर राबणारा व सही करून गायब होणारा हे दोघेही कागदावर ‘अत्युत्कृष्ट’ ठरू लागले. राबणाऱ्याच्या असमाधानाचे हे नवे कारण आहे. तरीही जुन्या आणि नव्यात निवड करायची तर मी डोळे झाकून नवे घेईन.

मृण्मयी_क

पुण्यातल्या आयटी क्षेत्रात हीच कथा वेगळ्या वेषात घडते. आमच्याकडे शेरा दिसतो, पण तो कुठे ठरला हे दिसत नाही. बेल कर्व्हच्या पद्धतीत प्रत्येक गटातल्या ठरावीक टक्के लोकांना खालची श्रेणी द्यावीच लागते, मग दहा जणांच्या टीममधले दहाही जण मन लावून काम करणारे का असेनात. मायक्रोसॉफ्टने ही सक्तीची उतरंड २०१३ च्या नोव्हेंबरात बंद केली आणि त्यानंतर अनेक कंपन्यांनी तिला रामराम ठोकल्याचे जाहीर केले, पण वाढीव पगाराची रक्कम ठरलेली असली की उतरंड मागच्या दाराने परत येते.

आता टीम लीड म्हणून पाहिलेले लिहिते. नॉर्मलायझेशनच्या, म्हणजे सगळ्या टीमच्या श्रेणी ठरावीक टक्क्यांत बसवण्याच्या बैठकीत आम्ही सगळे लीड आपापल्या माणसांसाठी भांडतो. जो लीड मोठ्याने आणि मुद्देसूद भांडतो, ज्याचे क्लायंटकडे वजन असते, त्याची माणसे वर राहतात. माझ्या टीममधली एक मुलगी प्रसूती रजेवरून परतली होती. कायद्याने २०१७ पासून २६ आठवड्यांची रजा मिळते, ती तिने घेतली होती आणि उरलेल्या काळातले तिचे काम निर्विवाद चांगले होते. बैठकीत एका वरिष्ठांनी ‘ती अर्धे वर्ष नव्हतीच, मग तिलाच खाली घेऊ या, तिला फारसे वाईट वाटणार नाही’ असे सहज सुचवले. माझ्या वरिष्ठांनी लगेच मागील वर्षाचे काम आणि रजेनंतरचे काम असा तक्ता पडद्यावर लावला आणि विषय तिथेच संपवला. हे वरिष्ठ स्वभावाने कोरडे आहेत. त्यांनी कधी कोणाला ‘घरी सगळे बरे ना?’ असे विचारलेले मला आठवत नाही.

म्हणून मी धागाकर्त्यांच्या मांडणीत एक भर घालते. साहेबाच्या अतिरेकी अधिकाराचा जितका त्रास होतो, तितकाच त्याच्या हातात काही नसण्याचाही होतो. ‘मला तुझे पटते गं, पण वरून आले आहे,’ असे म्हणणारा सहृदय मॅनेजर वर्षानुवर्षे पाहिला, की माणूस त्याच्यावर रागवायचेही सोडून देतो आणि नव्वद दिवसांच्या नोटीस पीरियडचा हिशेब करू लागतो.

आडवाटेचा (धागाकर्ता)

मृण्मयी, तुम्ही म्हणता त्याला सत्तर वर्षांपूर्वीचा पुरावा आहे. डोनाल्ड पेल्झ यांनी डेट्रॉइट एडिसन या वीज कंपनीतल्या पर्यवेक्षकांचा अभ्यास करून १९५२ मध्ये असे मांडले, की हाताखालच्यांची बाजू घेणाऱ्या पर्यवेक्षकामुळे समाधान वाढते ते त्याचा शब्द वरती चालत असेल तरच. ज्याचे वर कोणी ऐकत नाही, त्याने कितीही बाजू घेतली तरी उपयोग होत नाही, उलट कधी कधी असमाधानच वाढते, कारण तो अपेक्षा निर्माण करतो आणि त्या पुऱ्या करू शकत नाही. चांगुलपणाचे प्रशिक्षण देणाऱ्यांनी हा निष्कर्ष भिंतीवर लावावा असे मला वाटते.

निळावंती, अपमानाबद्दलचा तुमचा मुद्दा मी पूर्ण नाकारत नाही. मात्र तोच माणूस क्लायंटसमोर किंवा स्वतःच्या साहेबासमोर ‘तुला एवढंही कळत नाही?’ असे म्हणत नाही. स्वभाव तोच असूनही जीभ जागा पाहून सुटते. ती कुठे सुटू शकते हे अधिकारच ठरवतो, आणि म्हणूनच जपानने २०१९ मध्ये अशा छळाविरुद्ध उपाययोजना करणे कायद्याने मालकांवर बंधनकारक केले, स्वभाव सुधारण्याची वाट पाहिली नाही.

वरिष्ठाला स्वतःला काम येते की नाही, हाही मुद्दा कोणीतरी घ्यायला हवा. आर्ट्झ, गुडॉल आणि ऑस्वाल्ड यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधल्या नोकरदारांची माहिती तपासली, तेव्हा गरज पडल्यास आपले काम स्वतः करू शकेल असा साहेब असणे आणि कामावर समाधानी असणे यांचा घट्ट संबंध दिसला. गूगलने मात्र स्वतःच्या व्यवस्थापकांची पारख केली तेव्हा चांगल्या व्यवस्थापकाच्या आठ गुणांत तांत्रिक ज्ञान शेवटी आले. मला या दोहोंत विरोध दिसत नाही, कारण गूगलमध्ये तांत्रिक ज्ञान नसलेला माणूस व्यवस्थापक होणेच दुर्मीळ असणार. जे सर्वांकडेच असते त्याने फरक पडत नाही.

सदाफुली

मी एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका आहे. शिफ्ट_बी यांची डायरी वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्याकडे तिला इन्सिडंट रिपोर्ट म्हणतात.

एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या वॉर्डांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांची अपेक्षा होती की जिथे परिचारिका आणि त्यांची प्रमुख यांचे संबंध चांगले, तिथे औषध देण्यातल्या चुका कमी असतील. आकडे उलटे आले. चांगल्या वॉर्डांतच चुकांची नोंद जास्त होती. मग त्यांच्या लक्षात आले, की तिथे चुका अधिक होत नव्हत्या, तर सांगितल्या जात होत्या. आमच्याकडे सलाइनमधून द्यायच्या औषधाचा वेग चुकला आणि रात्रीच्या सिस्टरने ते स्वतःहून डॉक्टरांना सांगितले, तर सकाळी इनचार्ज सिस्टर पहिल्यांदा काय विचारतात, यावर पुढच्या महिन्याभरात त्या वॉर्डात काय लपवले जाईल हे ठरते. ‘पेशंट कसा आहे? पंपाची सेटिंग कोणी तपासली होती?’ असे विचारणाऱ्या इनचार्जच्या हाताखाली आम्ही ड्यूटी संपल्यावर थकलेल्या असतो, पण धास्तावलेल्या नसतो. ‘मेट्रनना काय उत्तर देऊ?’ असे विचारणाऱ्या इनचार्जही वाईट नसतात, त्यांच्यावर मेट्रनचा, म्हणजे मुख्य परिचारिकेचा, वचक असतो आणि मेट्रनवर आणखी कोणाचा. मृण्मयी यांचा मुद्दा इथेही लागू होतो.

नेकारकाठी

जर्मनीतल्या नोकरीतून एक छोटी भर. इथे किमान पाच कायम कर्मचारी असलेल्या आस्थापनेत कामगार आपले मंडळ निवडू शकतात, आणि स्वतःची फाइल पाहण्याचा, तिच्यात आपले म्हणणे जोडण्याचा हक्क प्रत्येक कर्मचाऱ्याला कायद्याने आहे. माझे वरिष्ठ माझ्याशी फार बोलत नाहीत आणि आमचे नाते पुण्यातल्या माझ्या जुन्या मॅनेजरशी होते तसे घरोब्याचे मुळीच नाही. तरीही रजेचा अर्ज करताना इथे मला प्रस्तावना रचावी लागत नाही. घरोबा आठवतो, हे खरे आहे, पण त्याच्या बदल्यात रात्री दहाचा फोन परत नको.

पोटतिडीक

कलमबहाद्दर काका, मी एका जिल्हा परिषदेत वरिष्ठ सहायक आहे. यंदा साहेबांनी माझी प्रत एका पायरीने खाली आणली आहे. कारण विचारले तर ‘सगळ्यांनाच वरची देता येत नाही’ एवढेच उत्तर मिळाले. अभिवेदन केले तर संबंध बिघडतील आणि नाही केले तर पदोन्नतीच्या वेळी अडेल, अशा कात्रीत सापडले आहे.

कलमबहाद्दर

ताई, अभिवेदन अवश्य करा. ते साहेबांविरुद्धची तक्रार नसून नोंदीविरुद्धचे म्हणणे असते, ही भूमिका पहिल्याच वाक्यात ठेवा. केंद्राच्या सेवेत त्यासाठी पंधरा दिवसांची मुदत असते. तुमच्या अहवालाच्या प्रतीसोबत जे पत्र आले असेल त्यात तुमच्यासाठीची मुदत पाहा आणि ती चुकवू नका. स्वभाव, पक्षपात, गटबाजी असे शब्द अजिबात वापरू नका. वर्षभरात निकाली काढलेल्या प्रकरणांची संख्या, लेखापरीक्षणातले पूर्तता केलेले मुद्दे, अतिरिक्त कार्यभाराचे आदेश क्रमांक आणि दिनांक एवढेच लिहा, आणि मागील वर्षी याच कामावर वरची प्रत होती हे शेवटी नमूद करा. ‘सगळ्यांनाच देता येत नाही’ हे उत्तर तोंडी मिळाले आहे, तेव्हा त्याचा उल्लेख टाळा.

संबंध बिघडण्याची भीती मला समजते. पण तुमचे अभिवेदन पुनर्विलोकन अधिकाऱ्यांच्याही टेबलावर जाईल, आणि आपण लिहिलेले कोणीतरी तपासून पाहते हे कळल्यावर बहुतेक साहेब पुढच्या वर्षी जपून लिहितात. शिवाय बदली कायद्याप्रमाणे राज्य सेवेत एका पदावरचा कालावधी साधारण तीन वर्षांचा असतो. तुमचे साहेब शासनाकडून आलेले असतील तर ते केव्हातरी जातील, नोंद मात्र तुमच्या सेवेच्या अखेरीपर्यंत राहील. अर्ज दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, दिनांक व शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.